शितावरून भाताची परीक्षा



वसंत ऋतूतील व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली आणि तेथून ती गावोगाव गेली. अशा व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषय होऊन जातात. तरीही ‘उद्योगधंद्यातील नवी निर्मिती आणि तिचे व्यवस्थापन’ हा विषय चालकांनी सुचविला, तेव्हा आम्ही थोडे बिचकलो. काल याच जागी आपण ज्ञानेश्वरीवरील रसाळ विवेचन ऐकले. आज त्याच जागी एक कारखानदार उभा राहून लोखंड, साचे आणि गिऱ्हाइके यांच्या गोष्टी सांगणार! रसाची अपेक्षा आपण ठेवू नये. थोडे कामाचे सांगता आले तर आम्हांला समाधान आहे.

आपण म्हणाल, कारखानदाराने कोणती वस्तू काढावी याच्याशी शिक्षकाचा, वकिलाचा किंवा गृहिणीचा संबंध काय? संबंध आहे. गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत रात्री जे दिवे दिसतात, त्यांच्या उजेडात आपल्यापैकीच कोणाचा तरी मुलगा काम करीत असतो. एखादी नवी वस्तू फसली की प्रथम बँकेचा हप्ता चुकतो, मग पगार लांबतो, आणि एक दिवस त्या मुलाला ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे सांगावे लागते. आम्ही असे सांगितले आहे. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काही असेल तर तो एवढाच. म्हणून आरंभी आमच्याच फजितीची हकीगत सांगतो.

१९९६ सालची गोष्ट. आमचा कारखाना लहान, माणसे अकरा. दुसऱ्यांच्या नकाशाबरहुकूम सुटे भाग करून द्यायचे आणि बिलाची वाट पाहत बसायचे, असा आमचा धंदा होता. आपल्या नावाची एखादी वस्तू असावी, असे प्रत्येक लहान कारखानदाराला वाटते, तसे आम्हांलाही वाटले. आमच्या भागात भुईमूग पुष्कळ. शेंगा फोडण्याची हातयंत्रे बाजारात होती, पण ती संथ. आम्ही ठरविले, दुप्पट वेगाचे यंत्र काढायचे. बाजारातून एक पोते शेंगा आणल्या, नमुना तयार केला, आणि हातात घड्याळ घेऊन तासाला किती शेंगा फुटतात ते मोजू लागलो. तीन महिन्यांत वेग दुप्पट झाला. त्या दिवशी कारखान्यात पेढे वाटले. लगेच ओतकामाचे साचे केले, कर्ज काढले, आणि दोनशे यंत्रांचे बिडाचे भाग ओतून घेतले.

हंगाम आला. काही यंत्रे विकली गेली, आणि त्यांतली बरीचशी परत आली. कारण कळेना. शेवटी एका गावी गेलो. तेथे एक म्हातारी शेतकरीण ओसरीवर शेंगा सोलत बसली होती आणि आमचे यंत्र कोपऱ्यात उभे होते. आम्ही विचारले, “आजी, यंत्र बिघडलंय का?” ती म्हणाली, “न्हाई दादा, यंत्र ब्येस हाय. पर ह्यातलं बी उगवायचं न्हाई.”

त्या एका वाक्याने आमचे तीन महिने मोडीत निघाले. भुईमुगाच्या दाण्यावरचे तांबूस साल खरवडले किंवा दाण्याच्या दोन पाकळ्या झाल्या, की तो पेरणीला निरुपयोगी. विकायच्या शेंगा शेतकरी पोत्यात भरून अख्ख्याच बाजारात नेतो. घरी बसून ज्या शेंगा फोडतो त्या मुख्यतः बियाण्यासाठी. म्हणजे ज्या कामात वेगाची कोणाला फारशी गरज नव्हती, त्या कामाचा वेग आम्ही दुप्पट केला होता, आणि जी गोष्ट हवी होती, ती म्हणजे अखंड दाणा, तीच आम्ही मोजली नव्हती!

याहून बोचणारी गोष्ट पुढेच आहे. कारखान्यात परत येऊन आमच्या मिस्त्रींना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, मला दिसत होतं ते. जाळीखालच्या परातीत पाकळ्या फार पडत होत्या.” आम्ही म्हणालो, “मग बोलला का नाहीत?” त्यांनी मान खाली घालून उत्तर दिले, “तुम्ही घड्याळाकडं बघत होता. परातीचं कोणी विचारलं नाही.” उरलेले ओतकाम मोडीच्या भावाने गेले. अकरांपैकी तिघांना आम्ही घरी पाठविले. चूक आमची, आणि दंड त्यांना!

असो. या हकीगतीतून निघणारे तात्पर्य नवे नाही. आपल्या स्वयंपाकघरात ते रोज पाळले जाते. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी कोणी सगळी पंगत बसवून घेत नाही. एक शीत बोटाने दाबून पाहतात. शितावरून भाताची परीक्षा! नव्या वस्तूच्या व्यवस्थापनाचे सारे शास्त्र या म्हणीत आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मात्र त्या परीक्षेचे तीन नियम आहेत. शीत भांडे चुलीवर असतानाच दाबायचे, पंगत बसल्यावर नव्हे. जे शीत कच्चे राहण्याचा संभव अधिक, तेच निवडायचे. आणि ते शीत, ज्याला भात खायचा आहे त्याच्या भांड्यातले असले पाहिजे. आम्ही तिन्ही नियम मोडले होते.

पहिला नियम पैशाचा आहे. नवी वस्तू कागदावर असते तेव्हा चूक दुरुस्त करायला खोडरबर पुरतो. लाकडी नमुना झाल्यावर एक दिवस जातो. साचा झाल्यावर आठवडा जातो आणि पदरचे पैसे जातात. ओतकाम झाल्यावर मोडीचा भाव मिळतो. आणि वस्तू बाजारात गेल्यावर जे जाते ते नाव. त्याला मोडीचाही भाव नाही. चूक तीच असते. ती किती उशिरा कळली यावर तिची किंमत ठरते. म्हणून जाणते कारखानदार नव्या वस्तूला एकदम पैसा देत नाहीत, हप्त्याने देतात. रॉबर्ट कूपर या कॅनडातील प्राध्यापकांनी १९८० नंतरच्या दशकात या पद्धतीला व्यवस्थित रूप दिले. वस्तूच्या वाटेवर टप्पे करायचे आणि दोन टप्प्यांमध्ये एक दरवाजा ठेवायचा. दरवाज्याशी विचारायचे, आतापर्यंत काय कळले? पुढचा हप्ता द्यावा काय? उत्तर ‘नाही’ असेल तर तेथेच थांबायचे. आणि हे विचारणारा माणूस ती वस्तू काढणारा नसावा. आपले मूल कोणाला कुरूप दिसते?

दुसरा नियम धैर्याचा आहे. प्रत्येक नव्या वस्तूच्या पोटात एखादे गृहीत दडलेले असते. ते खोटे ठरले तर बाकीचे सारे खरे असूनही उपयोग नसतो. आमचे गृहीत होते, ‘शेतकऱ्याला वेग हवा आहे.’ ते आम्ही कधी शब्दांत मांडलेच नाही, मग तपासणार कोठून? माणसाचा स्वभाव असा की जे आपल्याला येते तेच तो प्रथम करून पाहतो. आम्हांला यंत्र जलद करता येत होते, म्हणून ते जलद केले. वास्तविक पहिल्या दिवशी त्या आजींच्या ओसरीवर जाऊन बसलो असतो, तर एका सकाळीत आणि एका कप चहात सर्व उलगडले असते.

तिसरा नियम वरकरणी सोपा, पण फसवा आहे. ‘गिऱ्हाइकाला विचारा’ असे सगळेच सांगतात. पण गिऱ्हाईक ‘नाही’ म्हणाले की वस्तू वाईट, आणि ‘हो’ म्हणाले की चांगली, असे असते काय? येथे दोन उदाहरणे पाहू.

पहिले आपल्या घरचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे केली, आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन ओरखडतो, तर लोखंडी नांगर तीच माती उलथून टाकतो. हरळीने ग्रासलेल्या रानात या फरकाचे मोल काय, ते शेतकरी बंधूंना सांगायला नको. पण नांगर खपेना. लोखंडाने जमिनीला विष चढेल, अशी समजूत होती. सुमारे दोन वर्षे ते नांगर पडून राहिले. आम्ही आता सांगितलेला दरवाजा तेथे असता आणि त्यावर कोणी अडाणी पहारेकरी असता, तर त्याने म्हटले असते, ‘गिऱ्हाईक नाही म्हणते, बंद करा!’ तसे झाले नाही. नांगर मातीत उतरला, लोकांनी डोळ्यांनी पाहिले, आणि समजूत गळून पडली. औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली, १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिकही निघाले. वस्तू करणाऱ्याने वाचकाशी सतत बोलत राहिले पाहिजे, हे त्या लोकांना किती लवकर उमगले होते!

दुसरे उदाहरण अमेरिकेतील थ्री-एम कंपनीचे. तेथे १९६८ साली स्पेन्सर सिल्व्हर या शास्त्रज्ञाला एक विचित्र गोंद सापडला. तो चिकटे, पण सहज सुटेही. सुटणारा गोंद घेऊन करायचे काय? काही वर्षे तो उपयोगाच्या शोधात राहिला. १९७४ साली त्याच कंपनीतील आर्थर फ्राय यांना सुचले की चर्चमध्ये गाताना पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या गळून पडतात, त्यांना हा गोंद लावावा. त्या कंपनीत कामाच्या वेळेपैकी शेकडा १५ भाग स्वतःच्या कल्पनेवर खर्च करण्याची मुभा होती. तीतून ही वस्तू पुढे सरकली. १९७७ साली चार शहरांत ती विकायला ठेवली, आणि ती पडली! मग १९७८ साली आयडाहो राज्यातील बॉयसी या गावी वेगळा प्रयोग केला. जाहिरात करण्याऐवजी कचेऱ्यांतून त्या चिठ्ठ्या फुकट वाटल्या. ज्यांनी वापरल्या त्यांपैकी शेकडा ९० हून अधिक जणांनी पुन्हा विकत घेऊ म्हणून सांगितले. १९८० साली त्या अमेरिकाभर विक्रीस आल्या. आज त्या पिवळ्या चिकट चिठ्ठ्या आपल्या कचेऱ्यांतही प्रत्येक टेबलावर दिसतात.

या दोन्ही ठिकाणी ‘नाही’ कोण म्हणाले होते? ज्यांनी वस्तू वापरलीच नव्हती ते. आणि आमच्या यंत्राला ‘नाही’ कोण म्हणाले? वापरून परत करणारे. न वापरणाऱ्याचा नकार म्हणजे अपरिचय. त्यावर उपाय असतो. वापरणाऱ्याचा नकार म्हणजे निकाल. तो मुकाट्याने मान्य केला पाहिजे. दरवाज्याशी बसणाऱ्याने एवढा भेद ओळखला, तरी त्याचे निम्मे काम झाले.

जे नकाराचे, तेच होकाराचे. टाटांची नॅनो गाडी आपणा सर्वांना आठवत असेल. पावसात भिजत स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना तिची कल्पना सुचली. आपल्या पुण्यातील अभियंत्यांनी ती घडविली. केवळ ६२४ सी.सी.चे दोन सिलिंडरांचे इंजिन मागच्या बाजूला बसवून एक लाख रुपये किमतीची मोटार तयार करणे, हा यंत्रविद्येचा पराक्रम होता, आणि तो सफल झाला यात शंका नाही. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात ती दिसली तेव्हा जगभर चर्चा झाली. २००९ साली दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. केवढा हा होकार! त्यापुढे गुजरातेत साणंद येथे वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या बेताचा कारखाना उभा राहिला. परंतु विक्री एकाही वर्षी एक लाखापर्यंत पोचली नाही, आणि २०१८ साली उत्पादन जवळजवळ थांबले.

कारणे अनेक होती. ऑक्टोबर २००८ मध्ये बंगालमधील सिंगूर सोडावे लागले, त्यात वेळ गेला. काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या, त्यांनी भीती पसरली. पण एक कारण स्वतः रतन टाटांनी नंतर जाहीरपणे बोलून दाखविले: ‘सर्वांत स्वस्त गाडी’ अशी तिची प्रसिद्धी झाली, ही चूक होती. स्कूटरवाला गाडी घेतो, ती पाऊस चुकविण्यासाठी खरी. पण गल्लीत गाडी येते त्या दिवशी तिला हार घालतात, नारळ फोडतात, शेजाऱ्यांना पेढे देतात. मी सर्वांत स्वस्त वस्तू आणली, असे सांगायला कोणी पेढे वाटील काय? यंत्राची सर्व शिते दाबून पाहिली होती. मनाचे एक शीत राहून गेले. वापरापूर्वीचा होकार हा आशेचा होकार असतो. त्यावर कारखाना उभारताना हात आखडता घ्यावा.

यावर आपल्यापैकी कोणी विचारील, अशी सावधगिरी ठेवली तर कोणी नवे काही करील काय? दरवाजे, पहारेकरी, परीक्षा! यात कल्पनेचा श्वास कोंडणार नाही काय? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उदाहरणही मोठे आहे. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत १९७५ साली स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मवाचून चित्र घेणारा कॅमेरा जुळविला. वजन सुमारे साडेतीन किलो. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद. आणि चित्र म्हणजे अवघे दहा हजार ठिपके. कंपनीचा सारा नफा फिल्म, कागद आणि रसायने यांतून येत होता. फिल्म नको करणाऱ्या वस्तूचे तेथे स्वागत कसे व्हावे? पुढे कंपनीने तसले कॅमेरे काढले, पुष्कळ विकलेही. पण पोट जुन्या धंद्यावर राहिले, आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. जपानच्या फुजी कंपनीचा धंदाही फिल्मचाच. तिने आपले रसायनज्ञान औषधे, सौंदर्यप्रसाधने, पडद्यांच्या फिती अशा नव्या कामांना लावले आणि ती तगली.

तेव्हा दरवाजा हवा, पण पहारेकरी कोण हेही पाहिले पाहिजे. जुन्या वस्तूवर ज्याचे पोट चालते, त्या एकट्याच्या हाती नव्या वस्तूचा निकाल देऊ नये. आणि नव्या वस्तूवर ज्याचा जीव जडला आहे, त्याच्याही हाती देऊ नये. शिवाय परीक्षा स्वस्त असली म्हणजे कल्पना कोंडत नाहीत, उलट अधिक कल्पना करून पाहता येतात. दोनशे यंत्रांच्या पैशात आम्ही वीस वेगवेगळे नमुने करून वीस ओसऱ्यांवर ठेवू शकलो असतो. जो एकाच डावावर घर लावतो, तो दुसरा डाव खेळू शकत नाही.

शेवटी आमच्या यंत्राचे पुढे काय झाले ते सांगतो. दोन वर्षांनी कर्ज फिटल्यावर आम्ही मिस्त्रींना बरोबर घेऊन त्याच गावी गेलो. यंत्रे केली फक्त तीन. शेंगांच्या लहानमोठ्या जातींसाठी बदलता येणाऱ्या जाळ्या केल्या, दाबाच्या लोखंडी पट्टीला रबर लावले, आणि ती यंत्रे एक हंगामभर तीन घरी फुकट ठेवली. घड्याळ नेले नाही. शंभर दाण्यांत अखंड किती, एवढेच मिस्त्री मोजीत आणि वहीत लिहीत. दोनदा जाळी बदलावी लागली, दोन्ही वेळा त्या आजींच्या सांगण्यावरून. पुढल्या वर्षी आम्ही वीस केली, नंतर चाळीस. त्या यंत्राने आम्ही श्रीमंत झालो नाही. पण ते आजही विकले जाते आणि परत येत नाही.

घरी पाठविलेल्या तिघांपैकी दोघे पुन्हा कामावर आले. तिसरा तोवर मुंबईस निघून गेला होता. त्याचे म्हातारे वडील बाजारात भेटतात, नमस्कार करतात, रागाचा शब्द बोलत नाहीत. त्यांना पाहिले की आम्हांला ती परात आठवते. म्हणून आता कारखान्यात नवा नमुना तयार झाला की आम्ही सर्वांत आधी मिस्त्रींना आणि झाडू मारणाऱ्या पोराला विचारतो, “यात वाईट काय दिसतंय?” आणि उत्तर मिळेपर्यंत तेथून हलत नाही.

आपल्यापैकी कोणाचा मुलगा, मुलगी, पुतण्या नवी वस्तू काढायची म्हणून घरी भांडवल मागायला आला, तर त्याला हिरमुसले करू नका आणि एकदम पैसेही देऊ नका. पहिला हप्ता द्या, आणि विचारा, “बाळ, कोणाच्या ओसरीवर बसून आलास?” त्याला उत्तर देता आले, तर दुसरा हप्ता अवश्य द्या.